लॅपटॉप घ्यायचा काय, आणि घ्यायचा तर किती घालायचे?

गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगीचं पहिलं सेमिस्टर संपलं, आता लॅपटॉप पायजेच म्हणतीया, भिशीचे पन्नास हजार आलेत, तेवढ्यात बसतंय काय बघ की." मी म्हटलं घाई करू नको, रविवारी येतो.

घाई करू नको म्हटलं त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पोरासाठी मी अशीच घाई केली होती. २६ हजारात नवा कोरा लॅपटॉप, वर बॅग फुकट, माऊस फुकट. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, इंटेल कंपनीचा हलक्यातला सेलेरॉन, आणि रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, फक्त ४ जीबी. मला वाटलं शिकणाऱ्या पोराला एवढं बास झालं. सहा महिन्यात अशी गत झाली की सकाळी बटण दाबायचं, आंघोळ करून यायचं, तरी ते गोल फिरतंयच, आणि वर्ड उघडून क्रोम उघडला की माऊसचा बाण जागेवर थिजायचा. पोरगं काही बोललं नाही, मित्राच्या घरी जाऊन असाइनमेंट करायला लागलं, आणि ते मला फार लागलं. मग बेळगावच्या शहापुरात एका रिपेअरवाल्याकडं घेऊन गेलो, म्हटलं रॅम वाढवून द्या. त्यानं उलटा करून बारीक स्क्रू काढले, एटीएम कार्डासारखी प्लास्टिकची पट्टी कडेनं फिरवून खालचं झाकण उचकटलं आणि बोट ठेवून दाखवलं, "हे बगा, रॅम बोर्डावरच सोल्डर केलीया, स्लॉटच न्हाई तर घालायची कुठं?" दोन काळे चौकोनी चिप, नखाएवढे. २६ हजार त्या दोन चिपांपाशी अडकले होते.

म्हणून भाचीच्या वेळी आधी तिलाच विचारलं, तुला करायचं काय आहे त्यावर? हा प्रश्न दुकानात कोण विचारत नाही, घरातसुद्धा विचारत नाहीत, सगळे एकदम "बजेट किती" वरच येतात. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना माझ्या मते लॅपटॉप लागतच नाही, व्हिडिओ बघायला आणि नोट्सच्या पीडीएफला मोबाईल पुरतो, त्या पैशात चांगली पुस्तकं आणि क्लासची फी होते. बीए-बीकॉमला असला तर बरा, नसला तरी अडत नाही. पण बीसीए, बीई कंप्युटर सायन्स असलं तर दुसऱ्या सेमिस्टरपासून पायजेच, कारण प्रोग्राम लिहिणं हे सायकल शिकण्यासारखं आहे, लॅबमध्ये आठवड्यातनं दोनदा बसून येत नाही, रात्री घरी चुकत चुकत करावं लागतं. भाची कंप्युटर सायन्सची, त्यामुळं घ्यायचा हे ठरलं.

मेव्हण्यांचं म्हणणं पडलं की त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतोय. बरोबर आहे ते. पण पावसाळ्यात येळ्ळूर काय, खानापूर काय, करंट कधी जाईल सांगता येत नाही आणि युपीएस घेतला तरी पंधरा-वीस मिनिटं. लॅपटॉप तीन-चार तास तरी ओढतो. आमच्या भागात हे एकच कारण पुरेसं आहे.

मग सुरू झालं कुठून घ्यायचा. घरातले मोठे लोक अजून म्हणतात कोल्हापूरला जाऊया, तिकडं स्वस्त. पूर्वी राज्याराज्याचा व्हॅट वेगळा होता तेव्हा ठीक होतं, १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून लॅपटॉपवर इकडंही १८ टक्के, तिकडंही १८ टक्के. दुकानदार कमी करतो ते त्याच्या मार्जिनमधनं, ते बेळगावातला पण करतो, जरा बसून बोललं पाहिजे. आणि उद्या बिघडला तर शंभर किलोमीटर पेट्रोल जाळून कोण जाणार? ऑनलाईन घेणाऱ्यांनी पण एक बघाच, त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळीला पाठवतात, आणि ऑनसाईट वॉरंटी, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, आपल्या गावच्या पिनकोडला लागू आहे का. फोन लावून विचारायचं, पाच मिनिटाचं काम आहे.

दुकानात गेलो तर तिथल्या कामाच्या पोरानं पहिल्यांदा काढला तो रायझन ५ वाला, रायझन म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर. "सात हजार सिरीज आहे काका, लेटेस्ट." नंबर बघितला, ७५२०यू. हे नीट वाचा, कारण इथं पुष्कळजण फसतात. रायझनच्या या सिरीजमध्ये नंबरातला पहिला आकडा वर्षाचा असतो पण तिसरा आकडा आतल्या रचनेचा असतो. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २ नावाची रचना, ती २०१९ सालची, कोअर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात) चार, आणि रॅम परत बोर्डावरच सोल्डर. नाव नवं, आतलं जुनं. तोच आकडा ३ किंवा ४ असला तर गोष्ट वेगळी. शेजारी ठेवलेला इंटेलचा आय३-१२१५यू नावानं लहान वाटतो पण त्यात सहा कोअर आहेत. तेव्हा "आय५ आहे", "रायझन ५ आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका, पूर्ण नंबर कागदावर लिहून घ्या, घरी जाऊन बघा, दुसऱ्या दिवशी परत जा. दुकान कुठं पळून जात नाही.

स्क्रीनची पण एक साधी परीक्षा आहे. भाचीच्या मोबाईलमधला राजहंसगडाचा फोटो त्यावर घेतला आणि स्क्रीन हळूहळू मागं कलवली. एका लॅपटॉपवर आभाळ काळपट झालं, गडाची भिंत निगेटिव्हसारखी दिसायला लागली, तो टीएन पॅनल. दुसऱ्यावर रंग होता तसाच राहिला, तो आयपीएस. रोज चार तास डोळे त्यावर ठेवायचे आहेत पोरीला, मी तरी इथं पैसे वाचवणार नाही.

सेकंडहँडचा पण विचार केला होता, खरं सांगायचं तर बजेट तीस हजाराच्या आत असेल तर मी नव्यापेक्षा तोच घ्या म्हणेन. ऑफिसातनं निघालेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड असले मजबूत लॅपटॉप मिळतात, कीबोर्ड तर नव्यापेक्षा चांगला. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या (पिढीच्या) प्रोसेसरपासून पुढंच रीतसर चालतं, त्यामुळं सहाव्या-सातव्या जनरेशनचा माल पंधरा हजाराला गळ्यात मारायला बसलेत. आठव्याच्या खालचा नकोच. आणि बॅटरी कशी आहे ते बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड देऊन बघायची, नवी असताना किती भरत होती आणि आता किती भरते दोन्ही आकडे येतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतनं कमी करून मागायचे.

शेवटी काय घेतलं? आय५-१२३५यू, ८ जीबी रॅम आणि शेजारी एक स्लॉट रिकामा, फायली साठवायला ५१२ जीबीची एसएसडी, आयपीएस स्क्रीन. ४६,८०० ला ठरलं. १६ जीबीवालाच घेणार होतो पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, म्हणून म्हटलं आता आठवर चालव, स्लॉट आहे, उतरले की घालूया. घ्यायच्या आधी त्या पोराला स्लॉट कुठाय ते स्पेसिफिकेशनच्या कागदावर दाखवायला लावलं. कार्डावर नो कॉस्ट ईएमआय करा म्हणून मागं लागला होता, पण त्यात प्रोसेसिंग फी असते, आणि व्याज डिस्काउंट म्हणून परत दिलं तरी त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते, तो परत येत नाही. रोख दिले.

उरलेल्या ३,२०० मधनं ४०० चा माऊस घेतला, बाकीचे बहिणीच्या हातात परत दिले. अँटीव्हायरस आणि दोन वर्षांचं काहीतरी पॅकेज देत होते, नको म्हटलं, विंडोजमध्ये डिफेंडर नावाचं स्वतःचं अँटीव्हायरस येतंच की.

घरी आल्यावर भाचीला वर्ड-एक्सेलच्या कामाचं लिब्रेऑफिस घालून दिलं, फुकट आहे आणि मराठी नीट उमटतं. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही टाकले. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. कॉलेजचं इंग्लिश, सरकारी फॉर्म कन्नड, घरचं मराठी, आमच्याकडं तिन्ही लागतात. बहीण चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता बघत होती, हात पुसून जवळ आली आणि म्हणाली, "माझं नाव घाल बघू त्यात." भाचीनं तिन्ही भाषांत एकाखाली एक घालून दाखवलं. तेवढ्यात करंट गेला, घरभर अंधार, आणि ती तीन नावं तशीच स्क्रीनवर.