उचलीच्या कागदावर माझं अक्षर

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी चार महिने राहिले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये राहायचं, त्यांच्यासोबत कापूस वेचायचा आणि बघायचं. कागदोपत्री याला सहभागी निरीक्षण म्हणतात. गावात मी नुसती ‘वहीवाली ताई’.

वहीवाली असले तरी लोकांसमोर वही उघडत नाही. उघडली की माणसं ग्रामसभेत बोलल्यासारखी बोलू लागतात. गोठ्यामागे जाऊन तळहाताएवढ्या वहीत चार शब्द खरडायचे: ‘लाख – म्हातारी गप्प – चहा परत.’ रात्री त्या चार शब्दांची सहा पानं करायची. डाव्या पानावर दिसलं-ऐकलं ते, बोलीतच. उजव्यावर मला काय वाटलं ते. आधी झोपलं तर संपलं, सकाळपर्यंत आठवण शहाणी होते आणि जे घडलंच नाही तेही सांगायला लागते. १९७० साली स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या, कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या संस्कारित टिपणांच्या प्रती जळाल्या आणि त्यांनी आठवणींच्या आधारे पुस्तक लिहिलं. ते श्रीनिवास होते. मला परवाची भाजी आठवत नाही.

शिवाय शहरातल्या कार्यालयाने दिलेला टॅब. त्यात प्रश्न: ‘घरातले निर्णय कोण घेते?’ पर्याय: पती, पत्नी, दोघे. कारखान्याला तोडमजुरांची टोळी पुरवणारा मुकादम हा चौथा पर्याय वातानुकूलित खोलीत बसून कुणाला सुचणार?

तर दसरा होऊन आठ दिवस झाले होते. मी ज्यांच्याकडे राहत होते त्यांच्या ओसरीवर मुकादम आला. एका कोयत्याला एक लाख उचल, म्हणजे हंगामाआधीच दिलेली आगाऊ मजुरी. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादमाचा चष्मा घरी राहिला होता. “ताई, तुमचं अक्षर चांगलंय, तुम्हीच लिहा की.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार महिने ज्यांची भाकरी खाल्ली, त्यांना ‘मी फक्त बघते’ म्हणायला तोंड उचललं नाही.

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. रक्कम, तारीख, हंगाम, नवऱ्याचं नाव. तिथे माझ्यातली अभ्यासक जागी झाली. काम दोघांचं, मग कागदावर एकटाच कसा? मोठ्या हुशारीने विचारलं, “वहिनींचं पण नाव टाकू ना?”

मुकादम लगेच म्हणाला, “टाका की.”

वहिनी चुलीजवळ मोळी उकलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माझं नगा टाकू. ह्यांनी दारूपायी टोळी सोडली तर उद्या मलाच धरत्याल. आत्ता निदान म्हणता तरी येतं, मला काय माहीत.”

नवरा मान खाली घालून बसला होता. मी नाव टाकलं नाही. त्याने अंगठा उठवला आणि शाई ओसरीच्या खांबाला पुसली.

पुढच्या महिन्यात आमच्या गटातल्या एकाने मुकादमाकडच्या कागदांचे फोटो काढून आणले. बैठकीत तो कागद पडद्यावर आला. वरिष्ठ खूश. “बघा, अस्सल स्थानिक दस्तऐवज! बाईचं नावसुद्धा नाही. व्यवस्था तिला कशी पुसून टाकते!” बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं.

पडद्यावरचा ‘ळ’ माझा होता, शेपटी लांब असलेला. तो कागद कुणी लिहिला ते मी बैठकीनंतर वरिष्ठांना सांगितलं. वहिनी काय बोलल्या तेही. ते म्हणाले, “ते तळटीपेत घेऊ.”

त्या रात्रीचं उजवं पान मी अजून लिहिलेलं नाही.