एजंटाने दिशाभूल केली, तर दाद कुठे मागायची?

पुण्यात एका नव्या गृहप्रकल्पात घर घेतलेल्या परिचित कुटुंबाची कागदपत्रे अलीकडे माझ्या वाचनात आली. इमारतीसमोरची मोकळी जागा बागेसाठी राखीव आहे, असे एजंटाने बुकिंगच्या वेळी सांगितले होते. मंजूर नकाशात मात्र तिथे पुढच्या टप्प्यातील इमारत आहे. ‘एजंट असेच बोलतात’ असे म्हणून ते कुटुंब गप्प बसणार होते. मला हेच खटकते, कारण एजंटाने काय बोलावे यालाही कायद्याने मर्यादा घातली आहे.

रेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या अधिनियमातील कलम ९ नुसार, नोंदणी नसलेल्या एजंटाला नोंदणीकृत प्रकल्पातील घराच्या विक्रीत मध्यस्थी करता येत नाही. कलम १० तोंडी किंवा लेखी दिशाभूल करण्याला अनुचित व्यापारी प्रथा मानते, आणि ग्राहकाला ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्क आहे ती बुकिंगच्या वेळीच मिळवून देण्याची जबाबदारी एजंटावर टाकते. म्हणजे बागेचे आश्वासन बाजूला ठेवले, तरी मंजूर नकाशा का दाखवला नाही, हा प्रश्न उरतोच. महारेराकडे, म्हणजे या अधिनियमाखालील महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, एजंटाविरुद्ध कलम ३१ खाली स्वतंत्र तक्रार करता येते. तिचे शुल्क ५,००० रुपये आहे.

परंतु इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कलम ६२ खाली एजंटाला उल्लंघन चालू राहील तोवर दररोज १०,००० रुपये आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड सरकारी खात्यात जमा होतो, खरेदीदाराच्या हातात नाही. कायद्यातली ही उणीव मला गंभीर वाटते. ज्याला पैसे परत हवे आहेत, त्याने बिल्डरलाही प्रतिवादी करणे आवश्यक आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर कलम १२ नुसार भरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास सर्व रक्कम व्याजासह परत मागता येते. एजंटाचे आश्वासन निव्वळ तोंडी असेल, तर १८७२ च्या करार अधिनियमातील कलम २३८ उपयोगी पडते: प्रतिनिधीने आपल्या अधिकाराच्या कक्षेत, कामाच्या ओघात केलेली दिशाभूल ही, ज्याच्या वतीने तो काम करतो त्यानेच केल्यासारखी मानली जाते. म्हणून एजंट बिल्डरच्या वतीने काम करत होता, हे पावत्या आणि संदेशांवरून दाखवता आले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुसू नये आणि तो मोबाइलही जपून ठेवावा.

जुन्या घराच्या पुनर्विक्रीत चित्र बदलते. तो व्यवहार नोंदणीकृत प्रकल्पातील नसेल, तर रेराची ही कलमे सहसा लागू होत नाहीत. दलाली घेऊनही कर्जाचा बोजा किंवा भोगवटा प्रमाणपत्राचा (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या दाखल्याचा) अभाव एजंटाने लपवला असेल, तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते; तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते. शिवाय एजंट आपण नेमलेला असेल, तर करार अधिनियमातील कलम २२० नुसार, ज्या कामात त्याने गैरवर्तन केले त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही. दिलेली दलाली परत मागताना या कलमाचा उल्लेख नोटिशीत जरूर करावा.

बनावट कागद दाखवून किंवा एकच घर दोघांना दाखवून टोकन उकळले असेल, तर प्रकरण फौजदारी होते, आणि भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ खाली पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते. अशी तक्रार दिल्याने ग्राहक आयोगाची मुदत मात्र थांबत नाही, त्यामुळे पोलिसांच्या तपासाची वाट पाहत न बसता दोन्ही अर्ज बरोबरच करावेत.