करिअर हा शेवटच्या सेमिस्टरचा टॉपिक नाहीये

परवा फायनल इयरची एक मुलगी रेझ्युमे घेऊन आली, स्किल्सच्या खाली फक्त "हार्डवर्किंग" आणि "टीम प्लेअर", बास. म्हटलं अगं, सर्व्हेचा प्रोजेक्ट केलास ना, २०० फॉर्म भरून घेतलेस, चुकलेले परत करून घेतलेस, ते कुठंय? तर म्हणते, "मॅम, ते तर मार्कांसाठी होतं ना."

इथंच घोडं पेंड खातं. विषय शिकवतो पण त्यातून हाताला काय लागलं ते आपण बोलतच नाही, आणि शेवटी सगळं करिअर सेलवर ढकलून मोकळे. अभ्यास आणि काम जोडायची आयडिया तशी जुनीच, १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी इंजिनिअरिंगच्या पोरांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली होती, म्हणजे काम हाच अभ्यासाचा भाग.

मी आता प्रत्येक असाइनमेंटच्या शेवटी एकच प्रश्न टाकते, कुठं अडलात आणि कसं सोडवलंत? सुरुवातीला सगळ्यांनी कॉपी-पेस्ट मारलं (अपेक्षितच होतं!), आता काही जण पानभर लिहितात आणि तपासता तपासता माझा जीव जातो. त्या मुलीचा रेझ्युमे आम्ही परत लिहिला, "हार्डवर्किंग" तिनं स्वतःच खोडलं.