अक्षांश-रेखांश: आकडे बरोबर, जागा चुकीची

गिझाचा मोठा पिरॅमिड २९.९७९२, ३१.१३४२ इथे आहे. हेच दोन आकडे उलट क्रमाने टाकले तर पिन अलेक्झांड्रियाजवळ पडते. देश तोच, आकडेही तेच, आणि नकाशा अवाक्षर काढत नाही. चूक मात्र सुमारे १७० किलोमीटरची.

अक्षांश-रेखांशात गणित फारसं नाहीच. घोटाळे होतात ते आकड्यांच्या आजूबाजूच्या गोष्टींत: आधी कुठला लिहिला, चिन्ह काय, दशांश की मिनिटं, आणि मोजले कुठल्या आधारावर. या चार गोष्टी माहीत नसतील तर समोर आलेले दोन आकडे अर्धवटच समजावेत.

व्याख्या थोडक्यात उरकू. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, तो अक्षांश, ० ते ९०. ग्रीनिचच्या मूळ रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश, तो रेखांश, ० ते १८०. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण अक्षवृत्तं नकाशावर आडवी काढलेली असतात, पण ती सांगतात उभं अंतर. आलेखात आपण आधी आडवं अंतर लिहितो, मग उभं. त्या सवयीने गेलं तर रेखांश आधी यायला हवा. पण बोलण्यात, अ‍ॅटलासमध्ये आणि गूगल मॅप्सच्या सर्चमध्ये अक्षांश आधी असतो. जिओजेसन आणि केएमएल या नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइलींमध्ये मात्र आलेखाप्रमाणे रेखांशच आधी असतो. एका ठिकाणचे आकडे उचलून दुसरीकडे चिकटवताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे.

यावर एक अर्धीमुर्धी तपासणी आहे. अक्षांश ९० च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून टोकियोचा १३९ हा रेखांश अक्षांशाच्या जागी गेला की सॉफ्टवेअर लगेच नाकारतं. पण युरोप, आफ्रिका आणि आशियाचा बराच भाग असा आहे की दोन्ही आकडे ९० च्या आतच असतात. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

चिन्हाचं तसं सोपं आहे. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. सिडनीचं ऑपेरा हाउस -३३.८५६८, १५१.२१५३. उणे गळलं की पिन जपानच्या पूर्वेला प्रशांत महासागरात. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ४०.६८९२, -७४.०४४५. इथलं उणे विसरलात तर किर्गिझस्तानच्या डोंगरात. दिशा अक्षराने लिहिली असेल तर उणे लिहू नये. "-७४.०४४५ पश्चिम" असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोन्ही जमेस धरायचे की एक, हे कळत नाही. आणि यादीतल्या बऱ्याच पिना आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकाच ठिकाणी गोळा झाल्या असतील, तर तिथे काही सापडलेलं नाही. रिकामे रकाने ०, ० म्हणून वाचले गेलेत, एवढंच.

आता लिहिण्याच्या तीन पद्धती. पिरॅमिडचाच अक्षांश घेऊ:

२९°५८′४५″ उत्तर (अंश, मिनिटं, सेकंद)
२९°५८.७५′ उत्तर (अंश आणि दशांश मिनिटं)
२९.९७९२ (दशांश अंश)

तिन्ही एकच. दशांश अंश काढायचे तर मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागायचं आणि अंशात मिळवायचं: २९ + ५८/६० + ४५/३६०० = २९.९७९२. उलटं जाताना दशांश चिन्हानंतरच्या भागाला ६० ने गुणा, ०.९७९२ × ६० = ५८.७५२. पूर्णांक ५८ मिनिटं, उरलेल्या ०.७५२ ला पुन्हा ६० ने गुणा, ४५ सेकंद.

नेहमीची चूक अशी की कुणीतरी चिन्हं काढून टाकतो आणि २९°५८′४५″ चं २९.५८४५ करतो. दिसायला ठीकठाक, पण खऱ्या आकड्यापेक्षा ०.३९४७ अंशाने कमी, म्हणजे जागा सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला सरकली. एकट्या आकड्यावरून हे पकडता येत नाही, लांब यादीत मात्र येतं. मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत. शे-दोनशे नोंदींमध्ये दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक एकदाही ६, ७, ८ किंवा ९ नसेल, तर ते दशांश अंश नाहीत, वेष बदललेली मिनिटं आहेत.

जीपीएस मॉड्यूलमधून थेट येणारा मजकूर वाचत असाल तर आणखी एक खाचखळगा: तिथे २९५८.७५०० असं येतं. पहिले दोन अंक अंश, पुढचं सगळं मिनिटं. रेखांशाला अंशांसाठी तीन अंक राखलेले असतात, म्हणून ३१°०८.०५′ हे ०३१०८.०५०० असं दिसतं. याला सरळ १०० ने भागून मोकळं होणारे पुष्कळ असतात, आणि मग वरचीच चूक होते.

अंतराचा अंदाज डोक्यात असला की निम्म्या चुका तिथेच दिसतात. अक्षांशाचा १ अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, १ मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर (सागरी मैल १८५२ मीटरचा, तो इथूनच आला), १ सेकंद म्हणजे जवळजवळ ३१ मीटर. रेखांशाचं तसं नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं: ३० अंशांवर ९६, ४५ वर ७९, ६० वर फक्त ५६ किलोमीटर. हे विसरून अंतरं काढली की पूर्व-पश्चिम अंतर फुगतं.

दशांश स्थळांचा हिशोबही यातूनच निघतो. दोन स्थळं म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे १.१ मीटर, सहा म्हणजे ११ सेंटिमीटर. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो, उंच इमारतींच्या मधे त्याहून वाईट. तेव्हा पाच स्थळं भरपूर झाली. चौदा स्थळांचा आकडा अचूक नसतो, नुसता लांब असतो.

कागदी नकाशा वाचणं अजून शिकण्यासारखं आहे, कारण तिथे सगळं हाताने करावं लागतं. समजा १:५०,००० चा नकाशा आहे आणि कडेला दर ५ मिनिटांनी खुणा आहेत. तुमच्या ठिकाणाच्या खालची आणि वरची खूण समोरासमोरच्या कडेच्या खुणेशी पेन्सिलने जोडा. दोन रेषांत अंतर १८५ मिलिमीटर आलं आणि ठिकाण खालच्या रेषेपासून ७४ मिलिमीटरवर असलं, तर ७४/१८५ × ५ = २ मिनिटं. खालच्या रेषेच्या अक्षांशात ती मिळवा. रेखांशासाठी हेच उभ्या रेषांमध्ये, पण त्यांच्यातलं अंतर वेगळं असणार, ३० अंशांच्या आसपास १६१ मिलिमीटर. म्हणून ते पुन्हा मोजायचं, आधीचा आकडा वापरायचा नाही. प्रमाणावरून किलोमीटर काढत बसू नये. कागद दमटपणाने फुगतो, झेरॉक्समध्ये लहान-मोठा होतो; गुणोत्तर मात्र तसंच राहतं.

भागाकारही टाळायचा असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी तिरकी ठेवा. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, आणि पट्टीवर ३०० मिलिमीटर. शून्य खालच्या रेषेवर, ३०० वरच्या रेषेवर येईल इतकी पट्टी कलती करा. दोन्ही टोकं रेषांवरच ठेवून ती सरकवत न्या, कड ठिकाणाला लागली की थांबा. आता १ मिलिमीटर म्हणजे १ सेकंद. वरच्या उदाहरणात पट्टीवर १२० येईल, म्हणजे १२० सेकंद, तीच २ मिनिटं. ठिकाण नकाशाच्या कडेजवळ असेल आणि पट्टी बाहेर जात असेल तर दुसऱ्या बाजूला कलती करा.

इतकं करूनही कागदावरचे आकडे फोनमध्ये टाकल्यावर पिन शेजारच्या शेतात पडू शकते. चूक तुमच्या मोजण्यात असेलच असं नाही. अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या एखाद्या ठरवलेल्या आकारावर मोजलेले असतात, त्याला डेटम म्हणतात. जीपीएस वापरतं ते डब्ल्यूजीएस ८४. जुने नकाशे प्रत्येक प्रदेशाने आपापल्या डेटमवर काढले, आणि फरक शेकडो मीटरचा असू शकतो. जपानने २००२ मध्ये डेटम बदललं तेव्हा टोकियोच्या परिसरातले आकडे सुमारे ४५० मीटरने सरकले. ग्रीनिचच्या वेधशाळेतही हेच दिसतं. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ठरवलेली रेषा अंगणात आखलेली आहे, पण फोनवर शून्य रेखांश तिच्या पूर्वेला १०२ मीटरवर येतो. जुनी रेषा तिथल्या स्थानिक लंबरेषेवरून (ओळंबा लोंबतो त्या दिशेवरून) ठरवली होती, नवी पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावरून ठरते.

डेटमचं नाव बहुतेक वेळा नकाशाच्या समासात छापलेलं असतं. ते मिळालं तर रूपांतर सॉफ्टवेअरकडून करून घ्या. नाही मिळालं तर त्याच नकाशावरचे दोन-तीन न हललेले बिंदू निवडा, जुना पूल, रेल्वे फाटक, चौक. त्यांचे आकडे कागदावरून काढा, फोनवरच्या आकड्यांशी ताडून पहा. सगळ्यांचा फरक एकाच दिशेला आणि सारखाच येत असेल, तर त्या पानावरच्या बाकीच्या ठिकाणांनाही तोच लावा. फरक दर बिंदूला वेगळा आला, तर डेटमला दोष देऊ नका, पट्टी पुन्हा लावून बघा.