खायचा सोडा आणि माझे पाय

पावसाळ्यात लोकलने ऑफिस गाठायचं म्हणजे दिवसभर पाय ओल्या बुटांत. संध्याकाळी घरी बूट काढले की लेक आधी खिडकी उघडायची. पावडरी झाल्या, स्प्रे झाले, मग ढोकळ्याचा सोडा काढला. घामावर पोसलेले जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात, पायाचा तो आंबूस वास बराचसा त्याचाच. सोडा अल्कधर्मी, त्यामुळे त्याच्यापुढे हे आम्ल टिकत नाही.

अर्धी बादली कोमट पाणी, दोन चमचे सोडा, दहा मिनिटं पाय बुडवून बसायचं. टाचा मऊ पडल्या की वज्रीने हलकेच घासायच्या, साध्या पाण्याने धुवायच्या आणि बोटांच्या बेचक्या अगदी कोरड्या करायच्या. खरं तर हे पुसणंच निम्मं काम करतं. वरून टाचांना खोबरेल. आठवड्यातून एकदा पुरतं. रोज केलं तर टाचा उलट कोरड्या पडतात. रात्री बुटांतही चमचाभर सोडा भुरभुरायचा आणि सकाळी झटकायचा. वास गेला. बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या तेव्हा मात्र डॉक्टरांचं बुरशीवरचं मलमच लागलं.

मग मैत्रिणी म्हणाल्या, नाकावरच्या ब्लॅकहेड्सना सोडा-लिंबू लाव. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधल्या पीएच पट्ट्या, म्हणजे आम्ल की अल्क ते आकड्यात दाखवणाऱ्या, घरात होत्या. सोड्याच्या पाण्यात पट्टी आठच्या पुढे गेली, म्हणजे अल्कधर्मी. चेहऱ्याची त्वचा साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे आम्लधर्मी. साबणही अल्कधर्मीच असतो म्हणा, पण तो लगेच धुतला जातो; सोड्याची पेस्ट चोळून ठेवायची असते, शिवाय ती खरखरीत. आणि लिंबू? फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. फसफस थांबली की दोघांनीही एकमेकांना संपवलेलं असतं, वाटीत उरतं खारट पाणी. दिसायला झकास, उपयोग शून्य. चेहऱ्याला मी बोटभरही लावला नाही. घामाच्या वासासाठी काखेत लावायच्या आधी कोपराच्या आत लावून बघितला, लाल चट्टा उठला, तोही बेत रद्द.

सोड्याने खरी कमाल केली ती तेलकट कंगव्यांवर! गरम पाणी, सोडा, थेंबभर शॅम्पू, अर्धा तास. मग जुन्या टूथब्रशने दातऱ्यांतला मळ सहज निघतो.

सासूबाईंनाही पाय बुडवून बसायचं होतं. त्यांना मधुमेह आहे, पायांना गरम-गार नीट कळत नाही, म्हणून त्यांची बादली मी भरत नाही. त्या अजून रागावलेल्या आहेत.