स्विंगच्या तबकड्या डिजिटल करताना : हाय-हॅट ऐकू येईपर्यंत

१९३५ ते १९४२ या काळातल्या दहा इंची तबकड्या डिजिटल करण्याचं काम आता मध्यावर आलं आहे. धुणं आणि सुयांची निवड संपली, ईक्यू (कोणते सूर किती उचलायचे-दाबायचे ते) बहुतांशी ठरला, क्लिक (टकटक आवाज) काढणं चालू आहे. ज्यांच्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, स्विंगच्या (मोठ्या जॅझ बँडच्या नाचाच्या संगीताच्या) रेकॉर्डी पडून आहेत त्यांना उपयोगी पडेल ते सगळं इथे नोंदवत आहोत.

या रेकॉर्डिंगचा आवाज मुळातच डबड्यातून आल्यासारखा असतो, हा समज चुकीच्या सुईने आणि चुकीच्या ईक्यूने पसरवला आहे. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झालं. १९३७ पर्यंत व्हिक्टर, डेक्का, कोलंबियाच्या अभियंत्यांचा त्यावर चांगलाच हात बसला होता. काउंट बेसीचं ‘वन ओ’क्लॉक जंप’ (डेक्का, ७ जुलै १९३७) घ्या. फ्रेडी ग्रीनची विनामाइकची गिटार, वॉल्टर पेजचा बेस, ड्रमवादक जो जोन्सचे हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि मधूनमधून दोन-चार सूर टाकणारा बेसीचा पियानो, या चौघांनी धरलेला ठेका हाच त्या बँडचा प्राण. जोन्सने लय पायातल्या मोठ्या ढोलावरून उचलून हाय-हॅटवर आणली. म्हणजे हाय-हॅट ऐकूच आला नाही तर उरतो फक्त ब्रासचा, म्हणजे तुतारी-ट्रॉम्बोनचा, गोंगाट, आणि मग लोक विचारतात की यात एवढं काय आहे. आमची कसोटी त्यामुळे एकच : चारही मात्रांवर गिटारची ‘चक’ आणि हाय-हॅटची ‘त्स’ वेगवेगळी ऐकू आली, की ट्रान्सफर जमला.

धुणं

तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची. त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळलेली असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून आयसोप्रोपिल असो की साधं स्पिरिट, अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रावण तबकडीजवळ आणू नये. एलपी धुण्याच्या तयार बाटल्यांमध्ये बहुतेकदा ते असतंच. आम्ही १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे थोडे थेंब घालतो, फेस येणार नाही इतकेच. मऊ, बारीक केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून तबकडी उभी करून रात्रभर वाळू द्यायची. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत बसतात आणि सुईखाली करकरतात. लेबल कोरडंच राहिलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी रबरी चकत्या दाबून बसवल्या की काम भागतं.

कोलंबियाच्या बऱ्याच तबकड्या थरांच्या असतात : आत कागद आणि जाडाभरडा माल, वर उत्तम शेलॅक. त्यांचा पृष्ठभाग सुरेख शांत असतो, पण कडेला तडा असेल तर पाणी आत शिरून थर फुगतो. अशी तबकडी ओल्या फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नये. अ‍ॅसिटेटच्या घरगुती तबकड्यांनाही पाणी लावायचं नाही.

मुंबई-कोकणच्या हवेत पावसाळ्यात बुरशी धरते. ती तबकडीपेक्षा जुन्या कागदी पाकिटात जास्त मुरलेली असते. धुतलेली तबकडी त्याच पाकिटात परत घातली तर पुढच्या श्रावणापर्यंत तीच पांढरी जाळी पुन्हा दिसते. पाकिटं आम्लरहित कागदाची नवीच घ्यावीत. जुनी स्वतंत्र जपावीत, कारण दुकानाचे शिक्के आणि त्यावरून कळणारा इतिहास त्यांच्यावरच असतो.

सुई

एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची. ७८ च्या रुंद खाचेत ती तळाला जाऊन दगडाच्या पुडीवर घासत राहते, भिंतींना नीट टेकतच नाही. त्यातून येते ती खरखर. प्रमाण माप ३ मिल (इंचाचे हजारांश), म्हणजे ७६ मायक्रॉन. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५एसपी किंवा व्हीएम६७०एसपी हे कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) याच मापाच्या सुईचं मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे. वजन कंपनीने दिलेलंच ठेवावं. घाबरून कमी केलं तर जोरदार ब्रासच्या जागी सुई खाचेत उडते आणि तीच जास्त नुकसान करते.

झिजलेल्या तबकड्यांचं गणित निराळं. पूर्वी पोलादी सुया वापरत. ती दगडाची पूड मुळात याचसाठी असे, की नव्या सुईला पहिल्या काही वळणांतच घासून खाचेच्या आकाराची करावी. एकाच उंचीवर वर्षानुवर्षं अशा सुया फिरल्याने भिंतीचा तेवढाच पट्टा खलास होतो. त्याच्या वर किंवा खाली भिंत अजून शाबूत असते. म्हणून ५८, ७१ आणि ८९ मायक्रॉन अशा तीन सुयांनी तबकडीचं शेवटचं अर्धं मिनिट वाजवून पाहायचं आणि जिथे तुतारी फाटत नाही ती सुई ठेवायची. लहान आणि मध्यम मापात टोक कापलेली लंबवर्तुळी सुई मिळाली तर उत्तम, ती तळाला लागत नाही.

चाचणी शेवटच्या अर्ध्या मिनिटावरच का? दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या खाचेवर, १२ सेंटिमीटर त्रिज्येवर, सुईखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर खाच जाते. आत ५ सेंटिमीटरवर जेमतेम ४१. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि स्विंगची रचना अशी, की रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) चढत चढत जाऊन सगळा बँड शेवटच्या कोरसला (चालीच्या पूर्ण आवर्तनाला) एकत्र कोसळतो. सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात कमकुवत जागी! त्यात पोलादी सुई तोपर्यंत अर्धी झिजलेली. ग्लेन मिलरच्या ‘इन द मूड’चा (ब्लूबर्ड, १ ऑगस्ट १९३९) शेवट जवळजवळ प्रत्येक जुन्या प्रतीत फाटका असतो तो यामुळे. त्या काळी ही तबकडी घरोघर घासून निघाली आहे. तिच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही घ्याव्यात.

वेग

आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची) फिरताना स्थिर दिसली की वेग ७७.९२. अमेरिकेत ६० हर्ट्झवर ९२ रेघांनी ७८.२६. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, कानाला जाणवत नाही, पण अमेरिकन मॅट्रिक्ससाठी (मूळ कापणीच्या साच्यासाठी) सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करणं अगदी सोपं आहे. स्ट्रोबसाठी निऑनचा दिवा हवा. चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीचा प्रकाश लुकलुकत नाही, रेघा दिसतच नाहीत.

पक्की तपासणी मात्र पट्टीने. ‘इन द मूड’ ए फ्लॅटमध्ये, ‘टेक द ए ट्रेन’ सी मध्ये. ‘वन ओ’क्लॉक जंप’ पियानोवर एफ मध्ये सुरू होतं आणि बँड येताना डी फ्लॅटला उतरतं. ट्यूनर दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध दाखवत असेल तर वेग सुमारे २.३ फेऱ्यांनी चुकला आहे. एक अख्खा अर्धस्वर म्हणजे साधारण ४.६ फेऱ्या. स्टुडिओतल्या तबकड्या सहसा जागेवर असतात. रेडिओवरून घरी कापून घेतलेल्या तबकड्यांचा वेग सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरकतो, तिथे दर मिनिटाला पट्टी तपासावी लागते.

टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५ वर मुद्रित करून वेग १.७३९ पट करता येतो. वाकलेल्या तबकडीसाठी ही युक्ती उलट चांगलीच, सुई उसळत नाही. पण मध्ये आरआयएए प्रीअ‍ॅम्प (एलपीसाठीचा ठरलेला ईक्यू लावणारा) असेल तर त्याचा ५०० हर्ट्झचा वळणबिंदू (जिथून खाली बेस उचलला जातो तो) संगीतात ८७० हर्ट्झवर जाऊन बसतो आणि सगळंच गढूळ होतं. फ्लॅट, म्हणजे ईक्यू न लावणाऱ्या, प्रीअ‍ॅम्पशिवाय या वाटेला जाऊ नये.

ईक्यू

सर्वांत मोठा फरक इथे पडतो. आजच्या बहुतेक फोनो प्रीअ‍ॅम्पमध्ये आरआयएए वक्र असतो : ५०० हर्ट्झखाली बेस उचलणारा आणि वरचे सूर ५,००० हर्ट्झला सुमारे ८, तर १०,००० ला जवळजवळ १४ डेसिबलने दाबणारा. हा वक्र १९५० च्या दशकातला. ज्या तबकडीत वरचे सूर उचलून कोरलेलेच नाहीत तिच्यावर तो लावला की जो जोन्सचा हाय-हॅट तिथेच पुसला जातो. तबकडी फ्लॅट घ्या, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, आणि वक्र नंतर लावा.

आमचे सुरुवातीचे आकडे : लंडनच्या एचएमव्ही मुद्रणासाठी २५० हर्ट्झ वळणबिंदू आणि वर काहीच कपात नाही. तिशीच्या अखेरच्या व्हिक्टर-ब्लूबर्डसाठी ५०० हर्ट्झ आणि १०,००० ला ५ ते ८ डेसिबल कपात. अमेरिकन कोलंबियासाठी ३०० हर्ट्झ आणि वर बरीच जास्त कपात. पुढचं कानाने.

इथे आपल्याकडच्या संग्राहकांनी एक काळजी घ्यायची. वक्र लेबलचा नसतो, मूळ कापणीचा असतो. दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एचएमव्ही तबकडीवर बेनी गुडमन असेल तर ती कापणी न्यू यॉर्क किंवा हॉलिवूडची आहे, तिला व्हिक्टरचा वक्र हवा. लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागातला मॅट्रिक्स क्रमांक तिरक्या प्रकाशात वाचा. बीएस म्हणजे व्हिक्टरची दहा इंची, सीएस बारा इंची, आधी पी असेल तर हॉलिवूड. ओईए असेल तर लंडनची दहा इंची. इंग्लिश ब्रन्सविक लेबलवरचा बेसी हा मूळ अमेरिकन डेक्काचा. चोर बाजारातल्या ढिगातून निवडतानासुद्धा लेबलपेक्षा हे आकडे जास्त सांगतात.

वळणबिंदू तपासायला ड्यूक एलिंग्टनचं ‘जॅक द बेअर’ (व्हिक्टर, ६ मार्च १९४०, शिकागो) याहून चांगली तबकडी नाही. जिमी ब्लँटनचा बेस सुरुवातीलाच बँडशी सवाल-जवाब करतो. वळणबिंदू जास्त वर ठेवला तर त्याचे सूर घुमून एकमेकांत मिसळतात, कमी ठेवला तर नुसती तारेची टिचकी उरते. बरोबर जागी प्रत्येक सुराला सुरुवात, अंग आणि शेवट असतो. त्याच दिवशीच्या ‘को-को’मध्येही बेसचे तुकडे आहेत, पण ते दाट ब्रासच्या मधल्या फटींत येतात. तेवढ्या गर्दीतून ब्लँटन सुटा ऐकू आला की आकडा कायम करावा. १९४२ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी तो क्षयाने गेला. या बँडबरोबरची त्याची सगळी कारकीर्द दोनेक वर्षांची, आणि जॅझमधला बेस त्याने कायमचा बदलला. त्याचे सूर नीट ऐकवणं हे आपल्यावरचं देणं आहे.

मोनो करणं आणि क्लिक काढणं

स्टीरिओ कार्ट्रिजने दोन्ही भिंती वेगळ्या मुद्रित करा, मग बेरीज करा. खाच आडवी हलते, त्यामुळे संगीत दोन्हीकडे सारखं, खरखर वेगवेगळी. बेरजेत सुमारे ३ डेसिबलचा फायदा मिळतो, आणि सुईची उभी थरथर तर निघूनच जाते. एक भिंत फारच झिजली असेल तर दुसरी एकटी ठेवा. (खरा स्टीरिओ त्या काळी अपघाताने झालाच आहे. फेब्रुवारी १९३२ मध्ये व्हिक्टरने एलिंग्टनच्या मेडली दोन वेगळ्या मायक्रोफोनच्या दोन यंत्रांवर एकाच वेळी कापल्या. त्या जोड्या अर्ध्या शतकानंतर जुळवण्यात आल्या. त्यात ऑर्केस्ट्रा खरोखर खोलीभर पसरलेला ऐकू येतो.)

क्लिक ईक्यूच्या आधी काढा. फ्लॅट फाइलमध्ये त्यांची टोकं तीक्ष्ण असतात, सॉफ्टवेअरला सापडतात. वक्र लावल्यावर ती पसरून संगीतासारखी दिसू लागतात. धोका तुतारीचा. हॅरी जेम्सचा किंवा कूटी विल्यम्सचा जोरातला सूर लहरीत काट्यांसारखा दिसतो आणि सॉफ्टवेअर तोच छाटतं. काढून टाकलेला भाग वेगळा ऐका. त्यात तुतारीची धून ओळखू आली तर तीव्रता कमी करा आणि उरलेले क्लिक हाताने काढा.

सततची सळसळ दोन-तीन डेसिबलपलीकडे आम्ही कमी करत नाही. ब्रशचा आवाज, झांजेची शेपटी आणि स्टुडिओची हवा याच पट्ट्यात असते. कोलमन हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’ (११ ऑक्टोबर १९३९) पूर्ण शांत केलेलं ऐकलं की सॅक्सोफोनमधला श्वास गेलेला असतो. दोन कोरस, ६४ बार, मूळ चाल सुरुवातीच्या काही बारांनंतर जवळपास सोडूनच दिलेली, आणि तरी तीन मिनिटांत एकही सूर फुकट नाही. ख्यालाची बढत ऐकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तिथे सळसळ राहू द्या. कान ती मिनिटभरात बाजूला सारतो.

युद्धकाळातल्या प्रती

१९४२ नंतरच्या तबकड्या बऱ्याचदा जास्त खरखरतात. लाख जात होती ती मुख्यतः छोटा नागपूरकडच्या जंगलांतून. युद्धात अमेरिकेने तिच्या वापरावर कपात आणली आणि कारखाने जुन्या तबकड्या दळून पुन्हा वापरू लागले. शिवाय १ ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या वादकांच्या संघटनेची मुद्रणबंदी होती. व्हिक्टर आणि कोलंबियासाठी ती थेट नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालली, त्यामुळे त्या वर्षांत जुन्याच मॅट्रिक्सच्या नव्या प्रती खूप निघाल्या. एकाच मॅट्रिक्सची युद्धापूर्वीची प्रत मिळत असेल तर तीच घ्या.

पुढचा टप्पा

आता बारा इंची. गुडमनचं ‘सिंग, सिंग, सिंग’ (हॉलिवूड, ६ जुलै १९३७) दोन्ही बाजूंवर आहे. बाजू जोडण्याचा मोह आवरून दोन फाइल वेगळ्याच ठेवणार आहोत. ड्रमवादक जीन क्रुपाच्या टॉमटॉम ढोलांसाठी ५८ ची सुई पहिल्या ऐकण्यात ७१ पेक्षा घट्ट वाटते आहे.

त्यानंतर मुंबईचा भाग. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये अमेरिकन जॅझवादक लिऑन अ‍ॅबीचा बँड आला. त्याच वर्तुळातल्या क्रिकेट स्मिथ या तुतारीवादकाने १९३६ मध्ये मुंबईतच रेक्स लेबलसाठी मुद्रण केलं. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी हा बाज उचलला. त्यातला तुतारीवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, पुढे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’पर्यंत (१९५१) पोहोचला. त्या सिनेमाच्या तबकड्याही याच सुया लावून पाहायच्या आहेत. रेक्सच्या मुंबई मुद्रणाची वाजण्याजोगी प्रत कुणाकडे असेल तर तिची कड, लेबल आणि मॅट्रिक्स क्रमांक यांचे तिरक्या प्रकाशातले फोटो आधी पाठवावेत. त्यावरून सुईचं माप आणि धुवायची की नाही हे ठरवता येईल.