गोळी घेतली, गुरुजी आलेच नाहीत

चतुर्थीच्या दिवशी आमच्याकडे कोकणात दवाखाना जवळजवळ ओस असतो. कुणी आजारी नसतं असं नाही, पण घरात गणपती बसायचा असताना डॉक्टरकडे जायला सवड कुणाला? गर्दी होते ती गौरीजेवणानंतर. जुलाब, पित्त, आणि ‘जरा शुगर बघता का, या चार दिवसांत पथ्य काही झालं नाही’ असं ओशाळून सांगणारे. त्या वाढलेल्या साखरेचं मला फारसं वाटत नाही. जेवण पूर्वपदावर आलं की बहुतेकांची तीही येते. मला धास्ती असते ती चतुर्थीच्या दुपारची.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी दीडच्या सुमारास फोन आला. पलीकडच्या वाडीतल्या अण्णांचा मुलगा, मुंबईहून सणाला आलेला. ‘डॉक्टर, बाबांची शुगर वाढलीय. काहीतरीच बोलतायत. मोदक चोरून खाल्ले असणार.’

मी पोचलो तेव्हा अण्णांना पूजेच्या पाटावरून उठवून भिंतीला टेकवलं होतं. अंगावर सोवळं, पाठ घामाने निथळत होती. भाद्रपदातला उकाडा आणि चुलीची धग, त्यामुळे घामाकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं. झालं काय ते गुरुजींनी सांगितलं. ‘म्हणा मम’ म्हटलं तर हे नुसते बघत बसले. पळीतलं पाणी ताम्हणात सोडायचं ते मांडीवर सांडलं. पुन्हा सांगितलं तेव्हा खेकसले, ‘मला शिकवू नका!’ गुरुजींना वाकून नमस्कार केल्याशिवाय पूजेला न बसणारा हा माणूस.

शेजारच्या वहिनींच्या मते अर्धांगाचा झटका. मुलाच्या मते मोदक. सूनबाई साखरेचं पाणी घेऊन उभी होती, पण तिला नवऱ्याने दारातच अडवलं होतं: ‘डायबिटीस आहे त्यांना, साखर काय पाजतेस!’ त्या घरात त्या क्षणी तिचंच बरोबर होतं.

बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा आला ३८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली म्हणायची, आणि ३८ ला मेंदूची उपासमार सुरू झालेली असते. ते खेकसणं त्यातलंच. अण्णा धड गिळू शकत नव्हते, म्हणून आता साखरेच्या पाण्यालाही मी नको म्हटलं, ठसका लागून ते फुप्फुसात गेलं असतं. शीर सापडली, पण घामाने पट्टी चिकटेना. शेवटी धाकट्या नातवाने हात घट्ट धरला आणि मी २५ टक्क्यांचं ग्लुकोज हळूहळू सोडलं. बाटली अर्धीअधिक रिकामी झाली असेल, अण्णांनी मान वर केली, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, ‘संकल्प झाला का?’

मग एकेक उलगडत गेलं. आमच्याकडे घरोघर गणपती आणि गुरुजी मोजके. दहाला येणारे गुरुजी एकला आले. पूजा होईपर्यंत यजमान उपाशी. पण गोळी चुकवायची नाही हे अण्णांच्या अंगवळणी पडलेलं, त्यामुळे सकाळी सातलाच ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन झाली होती. शिवाय दुपारी मोदक खायचे म्हणून एक गोळी जास्तीची, आगाऊ. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. नुसती मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाचीच दुसरी गोळी, असती तर सहसा असं होत नाही. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल चालू होतं, त्याने हातापायांची थरथर आणि छातीतली धडधड दाबली गेली. धोक्याची खूण म्हणून उरला होता तो घाम.

अण्णांना पुन्हा पूजेला बसायचं होतं. मी म्हटलं, आधी दोन घास भात खा आणि मग तालुक्याला ॲडमिट व्हा. काकू हबकल्या. ‘नैवेद्य दाखवायच्या आधी?’ तिथे माझं काही चाललं नसतं. गुरुजी पुढे झाले. ‘आतुरे नियमो नास्ति. वाढा त्यांना.’ काकूंनी मुकाट्याने भात वाढला. पूजेला मुलगा बसला.

ॲडमिट कशाला, शुद्धीवर तर आलेत, असं मुलाचं म्हणणं. पण त्या गोळीचा अंमल लांबतो, म्हाताऱ्या मूत्रपिंडांत तर फारच. रात्री दोनला अण्णांची साखर पुन्हा ५८ वर आली. दर तासाला तपासत होते म्हणून कळलं. घरी झोपेत कुणाला कळलं असतं? क्रिएटिनिनही वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलं होतं. ती गोळी बंद करून दुसरी सुरू केली.

मोदकांबद्दल लोक मला नेहमी विचारतात, गुळाचा चालतो ना? गूळ काय आणि साखर काय, रक्तात फरक पडत नाही, आणि वरची तांदळाची उकड वेगळीच. तरी तब्येत आटोक्यात असेल तर एक-दोन मोदक मी चालवून घेतो, त्या ताटातला भात काढून. साखर उतरली असताना मात्र मोदक उपयोगाचा नाही, खोबऱ्या-तुपामुळे तो सावकाश पचतो. माणूस नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

पुढच्या वर्षी श्रावणातच अण्णा आले. ‘मोदक बंद करा हवं तर, पण पूजेला मीच बसणार.’ गोळी आता जेवणाबरोबरच घ्यायची आणि सकाळी दूध घ्यायचं, एवढं त्यांनी कबूल केलं. पूजेची वेळ मात्र माझ्या हातात नव्हती, म्हणून गुरुजींना दवाखान्यात बोलावून घेतलं. त्यांनी वही काढली, दोन घरं पुढे-मागे केली आणि अण्णांना सकाळी साडेसातची वेळ दिली.

वही मिटून ते उठले नाहीत. ‘माझीही एकदा बघता का? त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याही पोटात काही नसतं.’

‘गोळी कुठली घेता?’ मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ग्लिमेपिराइड, सकाळ-संध्याकाळ. मी मीटर पुढे ओढलं.